घरातली कर्ती, पडद्यावरची धाकटी: बेबी नंदाची पहिली १३ वर्षं

राखीपौर्णिमेच्या सकाळी रेडिओवर 'छोटी बहन'मधलं राखीचं गाणं लागलं की आमची आजी नारळ खवता खवता थांबायची. "ही आपल्या विनायकाची पोर," असं दरवर्षी सांगायची. आजी कोल्हापूरची. तिच्या लेखी सिनेमातलं निम्मं जग 'आपलं'च होतं, त्यामुळे त्या वाक्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. पण त्यामागोमाग ती पुटपुटायची ते माझ्या डोक्यात राहिलं: "धाकटी कुठली, घर ओढलं की तिनं."

हे प्रकरण त्या पुटपुटण्याचं आहे. हिंदी सिनेमाने नंदाला 'छोटी बहन' करून टाकलं. पडद्यावर तिला कोणीतरी सांभाळायचं, तिच्यासाठी भावाने झिजायचं. घरात मात्र हिशेब बरोबर उलटा होता. १९४८ ते १९६१ या वर्षांत बेबी नंदाची नंदा कशी झाली ते पाहताना हा उलटा हिशेब हाताशी ठेवला तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९चा, कोल्हापूरचा. वडील विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे मास्टर विनायक. 'अयोध्येचा राजा'मधला नारद करून पुढे आलेला हा माणूस १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्या साथीने 'हंस पिक्चर्स' उभी करतो, वि. स. खांडेकरांकडून 'छाया' लिहून घेतो, अत्र्यांकडून 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' लिहून घेतो आणि मराठी माणसाला पडद्यासमोर पोट धरून हसायला लावतो. पुढे नवयुग, मग स्वतःची 'प्रफुल्ल पिक्चर्स'. १९४५च्या सुमारास कंपनीचा मुक्काम मुंबईला हलला. बाबूराव आणि भालजी पेंढारकर हे विनायकरावांचे भाऊ, व्ही. शांताराम नात्यातले. चित्रपट हा या घराचा घरगुती धंदाच होता. जसं एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोनारकी असते तसं.

अशा घरातल्या मुलीने सिनेमात जाणं स्वाभाविक वाटेल. नंदाला ते मुळीच स्वाभाविक वाटत नव्हतं. तिने पुढे सांगितलेली आठवण अशी: ती शाळेतून घरी आली तेव्हा वडिलांनी आपल्या चित्रपटात काम करायचंय असं सांगितलं. भूमिका मुलाची, म्हणजे केस कापायचे. पोरीने थेट नकार दिला. तिच्या डोक्यात त्या वयात नेताजी सुभाषचंद्र होते, सिनेमा नव्हता. शेवटी आईने समजूत काढली, केस गेले आणि 'मंदिर'चं चित्रीकरण सुरू झालं.

केस कापण्याचा हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो तितका गमतीचा वाटत नाही. या पोरीच्या कारकिर्दीतला तिचा स्वतःचा म्हणावा असा हा पहिला निर्णय, आणि तो 'नाही' असा होता. त्यानंतर बरीच वर्षं 'नाही' म्हणायची सोय तिला उरली नाही, कारण 'मंदिर' पुरा व्हायच्या आत विनायकराव गेले. तारीख १९ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते. विनायकरावांचं वय ४१, नंदाचं साडेआठ. उरलेला चित्रपट दिनकर द. पाटील यांनी पुरा केला आणि तो १९४८ साली पडद्यावर आला.

आता या चित्रातलं दुसरं माणूस.

'मंदिर'मध्ये नंदाबरोबर एक १८-१९ वर्षांची मुलगी काम करत होती. ती पाच वर्षांपासून विनायकरावांच्या आश्रयाला होती. तिचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर एप्रिल १९४२मध्ये गेले तेव्हा ती १२ वर्षांची होती, पाठीवर चार भावंडं. विनायकरावांनीच या कुटुंबाला हात दिला. नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये तिला काम मिळालं, मग 'प्रफुल्ल'मध्ये, आणि कंपनी मुंबईला गेली तशी तीही गेली. 'बडी माँ'मध्ये नूरजहाँबरोबर छोटीशी भूमिका केली. चेहऱ्याला रंग लावून दिव्यांसमोर उभं राहणं लताबाईंना कधी आवडलं नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. पण पोटासाठी आठेक चित्रपट केले.

दीनानाथ गेले तेव्हा ४१ वर्षांचे होते. विनायकरावही ४१चेच. दोघांच्याही नावामागे शेवटपर्यंत 'मास्टर'. दोघांनीही नाटक-सिनेमात कमावलं आणि त्यातच घातलं. एका मास्टरच्या पोरक्या मुलीला आधार देणारा दुसरा मास्टर पाच वर्षांत तसाच गेला आणि त्याच्या स्वतःच्या मुलीवर तीच पाळी आली. कथेत कोणी असा योग जुळवला असता तर संपादकाने तो खोडला असता.

एक फरक मात्र मोठा होता, आणि या प्रकरणात तो महत्त्वाचा आहे. लताबाईंकडे गळा होता. १९४७-४८च्या आसपास पार्श्वगायनाची वाट रुंद होऊ लागली आणि त्यांना कॅमेऱ्यासमोरून बाजूला होता आलं. नंदाकडे असं दुसरं दार नव्हतं. तिला आपला चेहराच खर्चायचा होता, आणि लहान मुलाचा चेहरा हे फार लवकर आटणारं भांडवल असतं.

'घरचीच माणसं सिनेमात होती, मग आठ वर्षांच्या पोरीला का राबावं लागलं?' हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. त्याचं उत्तर नात्यापेक्षा काळात सापडतं. त्याच हिवाळ्यात, गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, भालजींचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ जळाला. बाबूराव स्वतः नट, म्हणजे आज काम आहे तर आहे. मुख्य म्हणजे कंपनी नावाची गोष्टच मोडत चालली होती. प्रभात, हंस, प्रफुल्लच्या काळात नट महिना पगारावर असायचा. काम असो नसो, पहिल्या तारखेला काहीतरी हातात पडायचं. विनायकराव लताबाईंना आधार देऊ शकले ते या पगारी व्यवस्थेच्या जोरावर. महायुद्धानंतर पैसा बाहेरून आला, नट चित्रपटागणिक करार करू लागले, आणि १९५३मध्ये प्रभातलाही कुलूप लागलं. विनायकरावांच्या मुलीला आसरा द्यायला दुसरा विनायक मिळाला नाही, कारण तसा विनायक असू शकण्याची जागाच संपली होती.

तेव्हा नंदा उभी राहिली. शाळा सुटली, शिकवणी घरी लागली. 'जग्गू' (१९५२), 'अंगारे' (१९५४), 'शंकराचार्य' (१९५५) असे चित्रपट येत राहिले आणि त्यांच्या श्रेयनामावलीत 'बेबी नंदा' हे नाव. त्या पैशावर आई आणि भावंडांचं घर चाललं, भावंडं शिकली.

त्या काळात हे काही एकट्या कर्नाटकींच्या घरात घडलं नव्हतं. बेबी मुमताज १९४२च्या 'बसंत'मध्ये दिसली आणि १९४७च्या 'नीलकमल'मध्ये १४व्या वर्षी मधुबाला नावाने नायिका झाली. बेबी राणीची नर्गिस झाली तीही १४व्या वर्षी, 'तकदीर'मध्ये. बेबी मीनाची मीनाकुमारी झाली. यातल्या मधुबाला आणि मीनाकुमारीची घरं तर सरळसरळ पोरीच्या कमाईवर चालली. 'बेबी' हा शब्द ऐकायला लाडाचा. खरं तर तो हुद्दा होता, कारकून असावा तसा. आपल्याकडे 'रामशास्त्री'मधल्या 'दोन घडीचा डाव'ने घराघरांत पोहोचलेल्या बेबी शकुंतलाबाई तर नायिका झाल्या तरी 'बेबी'च राहिल्या.

कायद्याने तेव्हा या मुलांना काय दिलं होतं? सिनेमातल्या मुलांसाठी म्हणून वेगळं काहीच नाही. योगायोग असा की नंदा जन्मली त्याच १९३९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने बालनटांच्या कमाईचा काही वाटा त्यांच्याच नावे राखून ठेवायचा कायदा केला. जॅकी कूगन या बालनटाचा पैसा त्याच्या आईने आणि सावत्र बापाने उडवल्यावर ही जाग आली होती. आपल्याकडे अशा नियमांना २०१७ साल उजाडावं लागलं. आता मुलाकडून दिवसाला ५ तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, सलग २७ दिवसांहून अधिक काम चालत नाही, आणि कमाईतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. नियम चांगलेच आहेत. पण बेबी नंदाच्या घराला ते लावून पाहिले की अडखळायला होतं. तिथे कोणी पैसे उडवत नव्हतं. २० टक्के बाजूला काढून उरलेल्या ८०मध्ये महिना निभला असता का, असा तो प्रश्न होता. लोभी पालकाला आळा घालणारा कायदा गरजू आईला फारसा उपयोगी पडत नाही.

बालनटाच्या आयुष्यात सगळ्यात अवघड असतं ते मधलं वय. तेराव्या-चौदाव्या वर्षी अंगकाठी वाढते, फ्रॉक तोकडा होतो, आवाज आणि चाल बदलते. बालभूमिकेला मोठी, नायिकेला लहान. पुष्कळ 'बेबी' आणि 'मास्टर' याच उंबऱ्यावर अडकून पडले. नंदाच्या बाबतीतही १९५२ ते ५५ या वर्षांत हेच दिसतं: चित्रपट आहेत, पण लक्षात राहावी अशी भूमिका नाही. या काळात मराठीचा तिला हातभार लागला. 'कुलदैवत', 'शेवग्याच्या शेंगा' असे चित्रपट तिच्या नावावर आहेत. वडिलांना ओळखणारी माणसं मराठीत होती, आणि मराठी पडद्याला घरगुती, साध्या चेहऱ्याची मुलगी खटकत नव्हती.

हा उंबरा तिला ओलांडून दिला शांतारामबापूंनी. त्याचा प्रसंग नेहमी सांगितला जातो: एका लग्नाला येताना साडी नेसून ये, असं त्यांनी तिला सांगितलं. तिला वाटलं, लग्न आहे म्हणून. काही दिवसांनी ते घरी आले आणि आपल्या पुढच्या चित्रपटाची नायिका तू, असं सांगून गेले. फ्रॉकमधल्या बेबीला साडीत पाहून घेणं हीच तिची परीक्षा होती आणि परीक्षा चालू असल्याचा तिला पत्ताही नव्हता.

मला या प्रसंगात बापूंची धंदेवाईक नजर दिसते आणि नात्यातल्या थोराची रीतही. त्यांच्या परळच्या राजकमल स्टुडिओत रीतसर कॅमेरा चाचणी घेता आली असती. पण नापास झाली असती तर ते त्या पोरीला आणि तिच्या आईला कळलं असतं. लग्नात साडी नेसून आलेल्या पुतणीला नापास झाल्याचं कधीच कळत नाही.

चित्रपट होता 'तूफान और दिया' (१९५६). राजकमलची निर्मिती, दिग्दर्शन बापूंचे चिरंजीव प्रभातकुमार यांचं, संगीत वसंत देसाईंचं, गीतं भरत व्यासांची. सोबत नुकता वर येऊ पाहणारा राजेंद्रकुमार. नंदा १७ वर्षांची. नावामागचं 'बेबी' गेलं. 'कर्नाटकी' पडद्यावर कधी आलंच नव्हतं. उरलं ते नुसतं 'नंदा'.

पण चित्रपट कसला? भावा-बहिणीचा. १७व्या वर्षी मिळालेल्या पहिल्या मोठ्या भूमिकेतच तिची पुढची पाच वर्षं लिहिली गेली. बापूंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं खरं, पण बसायला दिली ती बहिणीच्या पाटावरची जागा.

पुढच्याच वर्षी मद्रासच्या एव्हीएम या चित्रसंस्थेचा 'भाभी' आला, दिग्दर्शक कृष्णन-पंजू. बलराज साहनी आणि पंढरीबाई यांच्याभोवती फिरणाऱ्या या कौटुंबिक चित्रपटात नंदाची भूमिका तरुण विधवेची होती आणि समोर जगदीप. हा जगदीपही बालनटच. 'दो बिघा जमीन'मधल्या बूटपॉलिशवाल्या पोराची भूमिका करून तो आता मिसरूड फुटण्याच्या वयाला आला होता. या दोघांवर पतंगाचं ते गाणं चित्रित झालं. लता-रफी गातायत, पतंग वर चाललाय. एकदा हे गाणं आवाज बंद करून पाहावं. दोघांच्या अंगात जी सवय दिसते ती नव्या नायक-नायिकेत दिसत नाही. कॅमेरा कुठे आहे हे त्यांना मान न वळवता ठाऊक आहे. लहानपणापासून नोकरी केलेली ही विशीच्या आतली दोन माणसं. या भूमिकेसाठी नंदाला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं.

इथे जाणकार हळहळतात, की सहायक भूमिका घेऊन तिने स्वतःचं नुकसान करून घेतलं, शांतारामबापूंच्या नायिकेने नायिकेचीच वाट पाहायला हवी होती. मला हे पटत नाही. वाट पाहणं ही ज्याच्या घरी दुसरं कोणी कमावतं आहे त्याची चैन. वर्षभर घरी बसून योग्य संहितेची वाट पाहायची तर त्या वर्षाचा किराणा कोणी भरायचा? नंदाची १९५७ ते ६०ची चित्रपटांची यादी मला तरी महत्त्वाकांक्षी नटीची वाटत नाही, ती मला महिन्याचा खर्च डोळ्यांसमोर असलेल्या माणसाची वाटते. येईल ते काम, चोख आणि वेळेवर. बहीण म्हणाल तर बहीण, वहिनी म्हणाल तर वहिनी, विधवा म्हणाल तर विधवा. 'धूल का फूल'मध्ये ती राजेंद्रकुमारची बायको झाली, पण गोष्ट माला सिन्हाची होती.

आणि मग १९५९चा 'छोटी बहन'. एल. व्ही. प्रसादांचं दिग्दर्शन, बलराज साहनी आणि रहमान हे दोन भाऊ, आणि दृष्टी जाणारी बहीण नंदा. शैलेंद्रचे शब्द, शंकर-जयकिशनची चाल, लताबाईंचा गळा. चित्रपट जोरात चालला आणि ते गाणं तर दर श्रावणात नव्याने निघतं. २०व्या वर्षी नंदा घराघरातली धाकटी बहीण झाली. घरी मात्र तिच्या राखीच्या हिशेबात ओवाळणी उलट्या बाजूने जात होती. ज्या भावांना ती राखी बांधत होती त्यांच्या शाळेची फी तिच्याच कमाईतून भरली जात होती.

या यशाची किंमत ताबडतोब दिसली. नायिका म्हणून तिचा विचार करायला निर्माते कचरू लागले. ज्या मुलीला प्रेक्षक बहीण मानतो तिला नायकाच्या मिठीत कसं दाखवायचं? देव आनंदने तिला 'काला बाजार'साठी (१९६०) बोलावलं तेही बहीण म्हणूनच. नायिका वहिदा रहमान. मात्र पुढच्या चित्रपटात नायिका करीन, असा शब्द त्याने दिला, असं सांगतात. त्याच वर्षीच्या 'आँचल'साठी तिला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. 'आँचल'चे दिग्दर्शक वसंत जोगळेकर, म्हणजे पुन्हा आपल्याच गोतातलं माणूस. त्याच साली बी. आर. चोप्रांनी तिला 'कानून'मध्ये घेतलं. एकही गाणं नसलेला चित्रपट. तिथे तिची ओळख बहिणीची नव्हती. वकिलाची प्रेयसी आणि न्यायाधीशाची मुलगी या पेचात ती अशोककुमारसमोर ठाम उभी राहते. माझ्या मते बेबी नंदा खऱ्या अर्थाने संपली ती 'कानून'मध्ये, 'तूफान और दिया'मध्ये नव्हे. पण हे मत आमच्या आजीला कधी पटलं नसतं; तिला गाणी नसलेला सिनेमा म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

देव आनंदने शब्द पाळला. 'हम दोनो' (१९६१)मध्ये तो दुहेरी भूमिकेत, एकीकडे साधना आणि दुसरीकडे नंदा. वाट्याला पुन्हा सोसणारीच बाई आली, मेजरची पत्नी, पण या वेळी ती नायिका होती. जयदेव यांनी बांधलेलं 'अल्ला तेरो नाम' नंदावर चित्रित झालं. डोक्यावरून पदर, आजूबाजूला बसलेल्या बाया, आणि ओठांवर लताबाईंचा आवाज. 'मंदिर'च्या सेटवर १९४७मध्ये विनायकरावांच्या दोन पोरी उभ्या होत्या, एक घरची आणि एक आश्रयाची. त्यातली एक आता ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होती आणि दुसरी कॅमेऱ्यासमोर, केस वाढलेले.